लॉजच्या पाण्याची तपासणी: थर्मामीटर घेऊन आलेल्या माणसांविषयी

वेंगुर्ल्याच्या बाजूला आमचं नऊ खोल्यांचं लॉज आहे. पाच खोल्या घराच्या वरच्या मजल्यावर आणि चार मागच्या बैठ्या इमारतीत. मी आणि माझे धाकटे दीर मिळून चालवतो. या वर्षी आम्ही पुण्याच्या एका छोट्या कंपनीकडून पूर्ण इमारतीच्या पाण्याची तपासणी करून घेतली, त्याचा हा अनुभव. कंपनीचं नाव लिहीत नाही. कामाबरोबर त्यांच्याबद्दलच्या दोन-तीन तक्रारीही लिहायच्या आहेत, आणि तुमच्या भागात तुम्हाला बहुधा दुसरंच कुणी मिळेल. पण अशा लोकांना बोलावल्यावर त्यांनी काय काय करायला हवं, हे लॉज, होमस्टे, भक्तनिवास, वसतिगृह चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

तपासणी कशाची, ते आधी सांगते. लिजिओनेला नावाचा एक जिवाणू असतो. नदी-तळ्यांत तो थोड्या प्रमाणात असतोच, तिथे तो फारसा त्रास देत नाही. इमारतीच्या टाक्या, गरम पाण्याच्या पाइपलाइनी, शॉवर, कारंजी, मोठ्या एसी प्लांटचे कूलिंग टॉवर यांत त्याला कोमट आणि साचलेलं पाणी मिळालं की तो वाढतो. असं पाणी पिऊन सहसा काही होत नाही. शॉवरमधून उडणाऱ्या बारीक तुषारांतून तो श्वासावाटे फुप्फुसात गेला, तर न्यूमोनिया होतो. त्या आजाराला लिजिओनेअर्स डिसीज म्हणतात. एका माणसाकडून दुसऱ्याला तो सहसा होत नाही. जो तो पाण्याकडूनच घेतो. पन्नाशी ओलांडलेले, विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेही, दम्याचे आणि फुप्फुसाचे जुने रुग्ण यांना धोका जास्त. आजार झालेल्या साधारण दहातला एक दगावतो. आमच्याकडे येणारे निम्मे पाहुणे याच यादीतले. कुणकेश्वर, रेडीचा गणपती, वेतोबा करत फिरणारी ज्येष्ठ मंडळी.

मला हे कळलं ते एका डच बाईंमुळे. नेदरलँड्सचं एक वयस्क जोडपं हिवाळ्यात आमच्याकडे येतं. खोलीत शिरल्या की त्या बाथरूमचा शॉवर सोडून देतात, दार ओढून घेतात आणि बाहेर व्हरांड्यात येऊन बसतात. यंदा मी विचारलं तेव्हा त्यांनी बोव्हेनकार्स्पेलची हकिगत सांगितली. 1999 च्या फेब्रुवारीत त्यांच्या देशातल्या या गावी मोठं पुष्पप्रदर्शन भरलं होतं. फुलांच्या जोडीला घरगुती वस्तूंचे स्टॉल होते आणि त्यांत बुडबुड्यांचे गरम पाण्याचे टब चालू करून मांडले होते. त्यात कुणी उतरलं नव्हतं. लोक नुसते जवळून गेले. जवळजवळ दोनशे जण आजारी पडले आणि 32 वारले. फुलं बघायला गेलेली माणसं! बाईंच्या ओळखीतलं कुणी त्यात होतं की नाही ते मी विचारलं नाही. तेव्हापासून आपण परक्या बाथरूममध्ये आधी पाणी वाहू देतो, एवढं त्या म्हणाल्या.

मग मी वाचत गेले, आणि या आजाराची सुरुवातच एका हॉटेलातून झालेली पाहून मन लागेना. 1976 च्या जुलैत फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या नामांकित हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं. 21 तारखेला सुरू झालं, 24 ला संपलं, मंडळी आपापल्या गावी परतली. आणि मग एकेक जण तापाने, खोकल्याने आडवा पडू लागला. कोणी या गावच्या इस्पितळात, कोणी त्या गावच्या. एकाच छताखाली राहून आलेली ही माणसं आहेत हे लक्षात यायलाच दिवस गेले. एकूण 221 जण आजारी पडले आणि 34 जणांचा मृत्यू झाला. कारण महिनोन्‌महिने सापडलं नाही. विषारी वायू, धातू, डुकरांचा फ्लू, नाना तर्क झाले. नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या खाद्यावर हा जिवाणू वाढतच नाही, त्याला लोह आणि सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल घातलेलं खास खाद्य लागतं, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. अखेर अटलांटाच्या सीडीसी या सरकारी संस्थेतले जोसेफ मॅकडेड यांनी वर्षाच्या शेवटी जुन्या काचपट्ट्या पुन्हा काढून पाहिल्या, आणि जानेवारी 1977 मध्ये जिवाणू सापडल्याचं जाहीर झालं. तोवर हॉटेलला टाळं लागलं होतं. गिऱ्हाईक येईनासं झालं आणि 1976 च्या नोव्हेंबरातच ते बंद झालं.

एका लॉजवालीने हे वाचल्यावर तिच्या डोक्यात काय येईल? आपल्याकडे राहून गेलेला पाहुणा आजारी पडला, तर ते आपल्याला कळणार कसं? तुषार फुप्फुसात गेल्यावर ताप यायला दोनपासून दहा दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर पाहुणा सांगलीला, नागपूरला, ठाण्याला आपल्या घरी. तिथला डॉक्टर न्यूमोनिया म्हणून औषध देतो. नेहमीची पेनिसिलिनच्या जातीची औषधं याच्यावर चालत नाहीत, कारण हा जिवाणू आपल्याच पेशींच्या आत जाऊन बसतो. ॲझिथ्रोमायसिन किंवा लेवोफ्लॉक्सासिनसारखं औषध लागतं. ते दिलं तर पाहुणा बरा होतो. नाही दिलं तर काय होईल सांगता येत नाही. पण दोन्ही वेळी वेंगुर्ल्याला फोन करून "तुमच्या शॉवरमुळे झालं" असं कोणी सांगत नाही. युरोपात यासाठी देशांनी एकत्र नोंद ठेवायची पद्धत लावली आहे. एकाच हॉटेलात दोन वर्षांच्या आत राहून गेलेले दोन रुग्ण निघाले, की त्या हॉटेलाची तपासणी होते. आपल्याकडे लॉजवाल्यानेच आधी डोळे उघडे ठेवायचे.

आता सेवेविषयी. फोन लावायला सुरुवात केली तेव्हा आमच्या बाजूला सगळे टाकी धुणारेच मिळाले. प्रेशर जेट, व्हॅक्यूम, अतिनील दिवा, शेवटी कोरं करकरीत सर्टिफिकेट. एकाने आधी येऊन आमची टाकी खरोखर छान धुऊन दिली होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण गरम पाणी कुठे साठतं, किती तापतं, शेवटच्या खोलीपर्यंत किती वेळात पोचतं, हे विचारलं नाही. पुण्याच्या कंपनीने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो असा: "पावसाळ्यात किती खोल्या बंद असतात?" तेव्हाच ठरवलं की यांना बोलवायचं.

कंपनी चालवणाऱ्या मॅडम स्वतः आल्या. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या, आधी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या. बरोबर इचलकरंजीचा एक तरुण मुलगा, प्लंबिंगचं काम अंगावर घेणारा. चहा घेण्याआधी त्यांनी कागद मागितला आणि विहिरीपासून शेवटच्या नळापर्यंत सगळ्या पाइपांचा नकाशा काढायला बसल्या. आमच्याकडे नकाशा नव्हताच. घर दिरांच्या वडिलांनी बांधलं, मागची इमारत नंतर झाली, सोलर त्याच्याही नंतर. जसजशी गरज लागली तसतसे पाइप ओढत गेलो. कोकणातली बहुतेक लॉजं अशीच वाढलेली आहेत. सकाळचा बराच वेळ त्या नकाशात गेला, आणि माझ्या मते अर्धं काम तिथेच झालं.

नकाशा काढताना मागच्या भिंतीजवळ एक पाइप सापडला. पूर्वी तिथे भांडी घासायची मोरी होती. मोरी काढली, पाइपाला एंड कॅप लावली, वरून गिलावा केला. गरम पाण्याच्या लाइनीला जोडलेला तो तसाच राहिला होता, आत पाणी भरलेलं, कुठेच न जाणारं. प्लंबर लोक याला डेड एंड म्हणतात. मुलाने कॅप सोडली आणि आतून काळपट, बुळबुळीत पाणी आलं. आमचा बाबल बादली धरून उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, ह्या पाणी काळा कित्याक?" मॅडमनी त्याला तिथेच, बोट पाइपाच्या आतल्या कडेवरून फिरवून दाखवलं. हा जो बुळबुळीत थर आहे त्यात जिवाणू राहतात. पाण्यातले अमिबा त्यांना खायला जातात, आणि लिजिओनेला उलट त्या अमिबाच्या पोटात वाढतो. तिथे तो क्लोरीनपासून बराच सुरक्षित असतो. म्हणून नुसती पावडर टाकून भागत नाही, थर खरवडावा लागतो आणि असे कोपरे काढून टाकावे लागतात. बाबलला हे इतकं पटलं की तेव्हापासून तोच सगळ्यांना समजावतो.

मग थर्मामीटर. हा लेख ज्याच्यासाठी लिहिते आहे तो भाग हाच. लिजिओनेला 20 ते 45 अंश सेल्सिअसच्या दरम्यान वाढतो, पस्तीस-चाळीसच्या आसपास त्याला सर्वांत मानवतं. 60 च्या वर तो फार वेळ तगत नाही. त्यामुळे जगभर साधारण एकच नियम सांगतात: गरम पाणी 60 अंशांवर साठवा, नळ सोडल्यावर मिनिटभरात ते 50 च्या वर पोचलं पाहिजे, आणि गार पाणी 20 च्या खाली ठेवा. आमच्याकडे त्यांनी सोलरच्या टाकीच्या तोंडाशी मोजलं, मग प्रत्येक खोलीत. वरच्या मजल्यावर बरं होतं. मागच्या इमारतीच्या शेवटच्या खोलीत मिनिटभर नळ सोडूनही पाणी 39 अंश. मी हात लावून म्हटलं असतं, छान कोमट येतंय. पाहुणे तेच म्हणत आले. आणि जिवाणूला नेमकं तेच हवं असतं.

कारणं साधी होती. सोलरपासून त्या खोलीपर्यंतचा पाइप लांब, उघडा, झाडांच्या सावलीतून गेलेला. त्यात टाकीतली वीज-कॉइल आम्ही बिल वाचवायला पावसाळ्याखेरीज लावत नव्हतो, आणि लावली तरी थर्मोस्टॅट खाली ठेवलेला. उन्हाच्या दिवसांत सोलर संध्याकाळपर्यंत तापलेला असतो. रात्री पाहुण्यांच्या आंघोळी झाल्या की गार पाणी भरतं आणि टाकी रात्रभर चाळीसच्या आसपास राहते. जुलैत आठ-आठ दिवस ऊन नसतं, तेव्हा तर दिवसभर. सोलर विकणारे दुकानदार यातलं काहीच सांगत नाहीत. सोलर घेऊ नका असं मी म्हणत नाही. आमचाही चालूच आहे. पण कॉइलने रोज एकदा तरी 60 च्या वर नेल्याशिवाय त्यातलं पाणी शॉवरला देऊ नये.

गार पाण्याचं काय? इथे मॅडमचा प्रामाणिकपणा मला आवडला. त्या म्हणाल्या, "काकू, 20 च्या खालचा नियम युरोपातल्या पुस्तकांतला आहे. कोकणात नळाचं पाणी वीसच्या खाली कधी जाणार?" गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी 34 अंश निघालं. म्हणजे आपल्या हवेत गार पाण्याची बाजूसुद्धा जिवाणूच्या सोयीचीच, आणि राखण करायची ती क्लोरीनने, सावलीने आणि पाणी खेळतं ठेवून. टाकीवर पत्र्याचं छप्पर घालायला सांगितलं. टाकी गरजेपेक्षा मोठी आहे, कमी गर्दीच्या दिवसांत ती पूर्ण भरू नका, म्हणजे पाणी दिवसेंदिवस पडून राहणार नाही, हेही सांगितलं. आमची विहीर घरची. तिच्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो. पण त्यांनी शेवटच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का ते तपासलं तर रंग आलाच नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो, त्यात पिवळा रंग येतो. यांच्याकडे गोळी विरघळवून गुलाबी रंग येणारी चाचणी होती. भारतीय मानकानुसार नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असायला हवं. विहिरीत टाकलेलं नळापर्यंत पोचेस्तोवर उडून जात होतं. आता टाकीच्या लाइनीवर छोटा डोसिंग पंप बसवलाय. गावच्याच इलेक्ट्रिशियनने बसवला, कंपनीने त्यांचाच घ्या असा आग्रह धरला नाही.

नमुने घेण्याची पद्धत नीट पाहून ठेवा, कारण इथेच लोक फसवतात. शॉवरचं पाणी आधी वाहू न देता, सोडल्या सोडल्या जे पहिलं पाणी येतं तेच बाटलीत घ्यायचं, कारण आजारी पाडणारं पाणी तेच. बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारी थायोसल्फेटची पूड आधीच घातलेली असते, नाहीतर वाटेत क्लोरीन जिवाणू मारत राहतं आणि अहवाल खोटाच स्वच्छ येतो. बाटल्या बर्फात नाहीत, पण उन्हातही नाहीत, अशा थर्माकोलच्या खोक्यात त्यांनी स्वतःच्या गाडीतून नेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत दिल्या. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का एवढंच विचारून थांबू नका. ती मान्यता लिजिओनेलाच्या चाचणीसाठी आहे का, ते विचारा. पिण्याच्या पाण्याची जी नेहमीची चाचणी आपण करतो, कोलिफॉर्म, ई. कोलाय, तिच्यात लिजिओनेला दिसत नाही. ती चाचणी उत्तम आलेल्या पाण्यातही तो असू शकतो.

अहवालाला दहा दिवसांहून जास्त लागले. त्यात त्यांचा दोष नाही, जिवाणूच सावकाश वाढतो. वरच्या मजल्याचे नमुने स्वच्छ आले. मागच्या शेवटच्या खोलीच्या शॉवरमध्ये लिजिओनेला निघाला, लिटरमागे काही शे वसाहती, म्हणजे प्रयोगशाळेतल्या खाद्यावर उगवलेले जिवाणूंचे ठिपके. मॅडमनी कागद पाठवण्याआधी फोन केला, आणि यासाठी मी त्यांची ऋणी आहे. घाबरवलं नाही, लपवलंही नाही. ही संख्या हजाराच्या आत आहे, पण गरम लाइनीत आणि ज्येष्ठ पाहुणे येतात अशा जागी ती चालवून घेऊ नका, ती इमारत आजपासून बंद करा, असं स्पष्ट सांगितलं. आम्ही त्याच संध्याकाळी मागच्या चारही खोल्यांचं बुकिंग थांबवलं.

त्या रात्री मी रजिस्टर उघडून बसले आणि मागच्या पंधरवड्यात त्या खोलीत राहून गेलेल्यांना फोन केले. सांगलीचे एक आजोबा-आजी होते, एक मुलगा आईला घेऊन आला होता. प्रत्येकाला सांगितलं: ताप, कोरडा खोकला, धाप, गळून गेल्यासारखं वाटलं, पोट बिघडलं, तर डॉक्टरकडे जा आणि "आम्ही लॉजवर राहून आलो, तिथे लिजिओनेला सापडला" हे शब्द त्यांना सांगा. लघवीच्या नमुन्यावर एक चाचणी होते, तीही सांगितली. सगळे ठीक होते. दीर म्हणाले, उगाच बदनामी ओढवून घेतेस. मला ते मान्य नाही. फिलाडेल्फियातली माणसं गावोगावच्या इस्पितळांत विखुरली होती आणि त्यांच्या डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नव्हता. ते अंतर एका फोनने तुटत असेल तर तो करायलाच हवा. सांगलीच्या आजोबांनी पुढच्या माघी गणपतीचं बुकिंग त्याच फोनवर केलं.

दुरुस्तीचं काम कंपनी आणि आमचा प्लंबर यांनी मिळून केलं. डेड एंड मुळापासून कापून टाकला. गच्चीवरची टाकी घासून, मग लिटरमागे 50 मिलिग्रॅम क्लोरीनचं पाणी भरून तासभर ठेवलं, तेच प्रत्येक नळापर्यंत ओढलं, नंतर सगळं सोडून दिलं. सोलरची टाकी कॉइलने 70 च्या घरात नेली आणि मागच्या इमारतीतला प्रत्येक गरम नळ, प्रत्येक शॉवर, नळाशी 60 च्या वर मोजून पाच मिनिटं सोडला. हे करताना बाथरूममध्ये कुणी थांबायचं नाही. पाणी भाजतं, आणि वाफेतून तुषार उडतात. शॉवरची तोंडं आणि लवचीक नळ्या जुन्या होत्या, त्या साफ न करता सरळ बदलल्या. लांब पाइपावर फोमचं आवरण घातलं. आता शेवटच्या खोलीत मिनिटभरात 50 च्या वर येतं. इतकं गरम पाणी थेट अंगावर आलं तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं भाजतील, म्हणून प्रत्येक शॉवरच्या अगदी जवळ मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवलाय. व्हॉल्व्हच्या पुढचा कोमट पाण्याचा तुकडा जितका आखूड तितका चांगला, असं तो इचलकरंजीचा मुलगा सारखं बजावत होता.

फेरतपासणीचा नमुना दुसऱ्याच दिवशी घ्या, खोल्या लवकर सुरू करायच्या आहेत, असं मी म्हटलं. मॅडमनी नकार दिला. एवढा क्लोरीन आणि एवढी उष्णता दिल्यावर दुसऱ्या दिवशी नमुना स्वच्छच येणार, त्याला अर्थ नाही. काही दिवस नेहमीसारखा वापर होऊ द्या, मग थरात उरलेला असेल तर तो वर येईल. त्यांना पैसे तेवढेच मिळणार होते आणि मी खूश झाले असते. तरी त्यांनी थांबायला लावलं. नंतर घेतलेला नमुना स्वच्छ आला, पुढे आणखी एकदा घेतला तोही.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: अहवाल पूर्ण इंग्रजीत, चाळीसेक पानांचा, आणि रोजच्या नोंदीचा तक्ताही इंग्रजीत. नळ सोडणार बाबल, शॉवर घासणार आमच्या सुमनबाई, नोंद करणारे तेच. त्यांना वाचता न येणारा तक्ता भिंतीवर लावून पाणी सुरक्षित होत नाही. मराठीत द्या म्हटलं तर बघतो म्हणाले आणि आला नाही. शेवटी तक्ता मीच मराठीत लिहून काढला. दुसरी: ते परत गेल्यावर वर्षभराच्या रसायनांच्या कराराबद्दल त्यांच्या ऑफिसातून सारखे फोन येत राहिले. मॅडमनी स्वतः असलं काही सुचवलं नव्हतं. आमच्यासारख्या लहान जागेला त्याची गरज नाही. तिसरी: लेखी अहवाल ठरल्या तारखेच्या बराच नंतर आला. फोनवर सगळं वेळेत सांगितलं होतं म्हणून निभावलं, पण एखाद्याला एजंटला कागद दाखवायचा असेल तर अडेल.

खर्च: तपासणी, नमुने आणि त्यांचा प्रवास मिळून सीझनमधल्या एका पूर्ण भरलेल्या शनिवार-रविवारच्या भाड्याइतका झाला. दुरुस्तीचा वेगळा. आसपासच्या चार-पाच लॉजवाल्यांनी एकत्र बोलावलं तर प्रवास वाटला जाईल. मी शेजारच्या दोघांशी बोलले आहे, एक तयार आहेत.

पाहुणे हल्ली विचारतात, "एसीमुळे होतो ना हा आजार?" खोलीतल्या स्प्लिट एसीमुळे नाही. त्यात पाण्याचा फवारा नसतोच. मोठ्या हॉटेलांच्या, मॉलच्या गच्चीवर जे कूलिंग टॉवर असतात, ज्यांतून पाणी शिंतडून गार करतात, त्यांच्यातून होतो. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात 2015 मध्ये एका हॉटेलच्या अशाच टॉवरमुळे 138 जण आजारी पडले आणि 16 वारले. त्यातले बहुतेक त्या हॉटेलात उतरलेलेसुद्धा नव्हते, आसपास राहणारे होते. त्यानंतर तिथे प्रत्येक टॉवरची नोंदणी सक्तीची झाली. आमच्या अंगणात मात्र एक छोटं कारंजं होतं, दिवाळीपासून मेपर्यंत चालायचं. मॅडमनी ते बंद करा असं म्हटलं नाही, नियमित रिकामं करून घासा म्हणाल्या. मी बंदच केलं. तिथे आता तुळस आहे.

पावसाळ्याची शिस्त अशी ठेवली आहे. रिकाम्या खोल्यांतले सगळे नळ, शॉवर, कमोडचा जेट आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, काही मिनिटं सोडायचे, आधी गार मग गरम. शॉवरचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडवून सोडायचं म्हणजे तुषार उडत नाहीत. सोडणाऱ्याने बाहेर थांबायचं. पाहुणा येणार असेल त्या दिवशी पुन्हा. शॉवरची तोंडं तीन महिन्यांनी काढून घासायची. सोलरचं तापमान रोज सकाळी बाबल लिहितो आणि क्लोरीनचा रंग एक दिवसाआड पाहतो. साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो, फार महाग नाही.

या कंपनीला मी पाचपैकी चार देईन. कामात खोट नाही, कागदात आहे. सप्टेंबरअखेर, नवरात्राच्या गर्दीआधी, त्यांनाच पुन्हा बोलावलंय. या वेळी अहवालाचा सारांश मराठीत आणि ठरल्या तारखेला, असं आधीच लिहून घेतलं आहे. आमचा मराठी तक्ता कुणाला हवा असेल तर मागा, पाठवते. त्यात तुमच्या खोल्यांचे आकडे घाला, आणि सोलर नसेल, नुसते गीझर असतील, तर सोलरच्या रकान्याऐवजी प्रत्येक गीझरचा थर्मोस्टॅट किती अंशांवर लावला आहे ते लिहा.